यादीबाहेरचा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित सपोर्ट संपला. त्या दिवशी जगभरातील असंख्य संगणक सकाळी नेहमीप्रमाणे सुरू झाले आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे बंद झाले. त्यांच्यात कोणताही बिघाड झालेला नव्हता. बदलले एवढेच, की वर्षभराच्या मुदतवाढीसाठी नोंदणी न करणाऱ्यांच्या संगणकांतील सुरक्षेची छिद्रे बुजवण्याचे दायित्व त्या दिवसापासून कोणावरही उरले नाही. पुढची पायरी विंडोज ११ची. पण २०१६ साली विकत घेतलेल्या, आजही ठणठणीत असलेल्या लॅपटॉपने त्या पायरीवर पाय ठेवू पाहिला, तर त्याला एका ओळीत उत्तर मिळते : हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही.

‘चालवू शकत नाही’ आणि ‘चालवू दिले जाणार नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. या धाग्याचा विषय त्या दोहोंमधील अंतर हा आहे. ते अंतर मोजण्याचे साधन मात्र अगदी साधे, बहुतेक घरांच्या खणात पडलेले आहे : आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, ‘बूटेबल’ केलेला.

‘बूट’ हा शब्द आधी पाहू. वीज मिळाल्याच्या पहिल्या क्षणी संगणकाला काहीच येत नसते. डिस्कवरून प्रोग्रॅम वाचावा, हे सांगणारासुद्धा एक प्रोग्रॅमच लागतो; आणि तो प्रोग्रॅम वाचायचा कोणी? स्वतःच्या बुटाच्या मागचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलणे, अशी इंग्रजीत अशक्य कोटीतील करामतीची एक म्हण आहे. संगणकाच्या जनकांनी ती थट्टेने उचलली आणि पुढे तिचाच पारिभाषिक शब्द झाला.

ही करामत प्रत्यक्षात किती हाताने करावी लागे, हे १९७५च्या एका प्रसंगावरून कळते. ऑल्टेअर ८८०० हा त्या काळी छंदिष्टांनी घरी जुळवायचा संगणक. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. दर्शनी फळीवर खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली होती, तीही एकदाही ऑल्टेअरला हात न लावता. हार्वर्डमधील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर त्यांनी ऑल्टेअरच्या प्रोसेसरचे सोंग उभे केले आणि त्या सोंगावर आपला प्रोग्रॅम तपासला. ॲलन कागदी टेप घेऊन अल्बुकर्कला निघाले. विमान उतरू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की ती टेप यंत्रात वाचून घेणारा आरंभीचा प्रोग्रॅम लिहायचाच राहून गेला आहे. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहिला. प्रात्यक्षिकाच्या वेळी खटके वरखाली करत तो हाताने यंत्रात भरला, टेप आत गेली, आणि दोन अधिक दोन या प्रश्नाला ऑल्टेअरने चार हे उत्तर छापले. मायक्रोसॉफ्टची स्थापना त्यानंतरची. ज्या कंपनीची यादी आज जुन्या यंत्रांना दारावर अडवते, तिचे पहिले उत्पादन कधी न हाताळलेल्या यंत्रावर, हाताने भरलेल्या बूट प्रोग्रॅमच्या आधाराने सुरू झाले होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि खटके गेले. हा आरंभीचा प्रोग्रॅम आता एका चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. त्याला बायोस म्हणत. त्याचे काम मर्यादित होते : फ्लॉपीवरचे पहिले ५१२ बाइट उचलायचे, मेमरीत एका ठरलेल्या जागी ठेवायचे आणि यंत्राचा ताबा त्यांच्या हाती सोपवायचा. त्या ५१२ बाइटांत काय आहे, ते कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, यांपैकी कशाचीही चौकशी बायोस करत नसे. पुढे शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण असावी, असा संकेत रुळला. ओळखपरेड म्हणायची ती एवढीच. ज्यांनी फ्लॉपीचा काळ पाहिला आहे, त्यांना ड्राइव्हमध्ये साधी फ्लॉपी विसरून संगणक सुरू केल्यावर उमटणारा ‘नॉन-सिस्टीम डिस्क’ हा संदेश आठवत असेल. गंमत अशी, की तो संदेशही त्या फ्लॉपीच्याच पहिल्या ५१२ बाइटांतून येत असे. बायोसने ताबा देऊन टाकलेला असे. मिळालेल्या ताब्याचे काय करायचे हे न कळल्याने फ्लॉपीच कबुली देई.

या आंधळ्या विश्वासाची किंमत लवकरच कळली. १९८६ साली लाहोरमधील बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा प्रोग्रॅम फ्लॉपीफ्लॉपीने जगभर पसरला. आयबीएम पीसीवरील पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद होते. त्याची जागा कोणती, तर हेच पहिले ५१२ बाइट. मूळचा बूट प्रोग्रॅम बाजूला सारून तो स्वतः तेथे बसे आणि ऑपरेटिंग सिस्टीम जागी होण्याआधीच यंत्राचा धनी होई. त्यात भावांच्या दुकानाचा पत्ता आणि फोन क्रमांकही होता, असा तो निरागस काळ. जो आधी आत शिरेल तो मालक, हा धडा मात्र निरागस नव्हता. पुढची चाळीस वर्षे या क्षेत्रात जे काही झाले, त्याच्या मुळाशी तोच आहे.

दुसरीकडे, आयबीएमने न बनवलेल्या यंत्रावर आयबीएमचे सॉफ्टवेअर चालवण्याची खटपट १९८२ पासूनच सुरू होती. बायोसची संहिता आयबीएमने छापून प्रसिद्ध केलेली होती, पण तिच्यावर स्वामित्वहक्क होता. नक्कल केली तर न्यायालय ठरलेले. कॉम्पॅक या कंपनीने दोन गट केले. एकाने आयबीएमचा बायोस अभ्यासून तो काय काय करतो एवढेच टिपून ठेवले. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ संहिता कधी पाहिलीच नव्हती, त्या टिपणांवरून नवा बायोस लिहिला. सॉफ्टवेअरने प्रश्न विचारला की कॉम्पॅकचे यंत्र आयबीएमसारखे उत्तर देई, आणि सॉफ्टवेअरला तेवढे पुरे होते. आज ‘पीसी’ म्हणून ओळखली जाणारी सारी जमात या वेषांतराची संतती आहे.

वेषांतर हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. गावात येणारा बहुरूपी फौजदाराच्या वेषात दारात उभा राहतो, दम देतो, घरातल्यांची क्षणभर तारांबळ उडते. मग तो हसतो आणि बिदागी मागतो. बूट करण्याच्या तंत्राचा इतिहास पाहावा, तर तो एका बहुरूप्याच्या चरित्रासारखाच वाचता येतो.

सीडीचेच पाहा. सीडीवर माहितीचे तुकडे २०४८ बाइटांचे, तर बायोसला ५१२चीच सवय. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, त्याचे नाव ‘एल तोरितो’. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइनमध्ये याच नावाचे एक मेक्सिकन उपाहारगृह होते आणि हा आराखडा तेथल्या टेबलावर जन्मला, असे सांगतात. तोडग्याचा एक महत्त्वाचा भाग असा : सीडीवर फ्लॉपीची एक प्रतिमा ठेवायची, आणि बायोसने ती दाखवून उरलेल्या यंत्रणेला सांगायचे, की ही फ्लॉपीच आहे. त्याआधी सीडी हाताशी असूनही ती सुरू करून देण्यासाठी सोबत एक बूट फ्लॉपी बाळगावी लागे.

पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आला. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि इस्रायलच्या एम-सिस्टीम्सने बनवलेला, अमेरिकेत आयबीएमने विकलेला ‘डिस्कऑनकी’ हे आरंभीचे. डिस्कऑनकीत अवघे आठ एमबी मावत. या नव्या पाहुण्याला काय म्हणून ओळखायचे, हा बायोसपुढे प्रश्न पडला. त्या दशकातील मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये म्हणूनच यूएसबी-फ्लॉपी, यूएसबी-झिप आणि यूएसबी-हार्ड डिस्क असे वेगवेगळे पर्याय दिसत. तोच पेन ड्राइव्ह एका यंत्रावर हार्ड डिस्क म्हणून चाले, तर दुसऱ्यावर झिप डिस्कच्या वेषातच आत जाई. कोणत्या यंत्राला कोणते सोंग पटते, हे प्रयोगानेच कळायचे. त्या वर्षांत बूटेबल पेन ड्राइव्ह बनवण्याभोवती जे मंत्रतंत्राचे वलय आले, त्याचे खरे कारण हे होते.

या परंपरेतील सर्वांत देखणी युक्ती लिनक्सच्या जगातली आहे. सीडीच्या प्रमाणित रचनेत आरंभीची ३२ केबी जागा रिकामी सोडलेली असते. सीडी वाचणारा त्या जागेकडे पाहतच नाही. हार्ड डिस्क वाचणारा मात्र नेमके पहिले ५१२ बाइटच पाहतो. एच. पीटर ॲन्विन यांच्या सिसलिनक्स प्रकल्पाने ‘आयसोहायब्रिड’ या नावाने त्या रिकाम्या ओसरीवर हार्ड डिस्कचा बूट प्रोग्रॅम आणून बसवला. एकच फाइल सीडीवर उतरवली तर सीडी, पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तर हार्ड डिस्क. ना वेगळे साधन, ना रूपांतर. दुसऱ्याच्या नियमातील रिकामी जागा न मोडता वापरणे, हे कसब इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहायला मिळते.

ही फाइल उतरवण्यासाठी लिनक्सवर ‘डीडी’ ही जुनी आज्ञा वापरतात. तिला थट्टेने ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात, आणि थट्टा अर्धीच आहे. तिला दोन नावे द्यायची असतात : कोठून वाचायचे आणि कोठे लिहायचे. दुसरे नाव चुकून पेन ड्राइव्हऐवजी आतल्या हार्ड डिस्कचे दिले, तर ती काहीही न विचारता तिच्यावर लिहू लागते. बायोस जसा न विचारता वाचतो, तशी ही न विचारता लिहिते. लग्नाचे फोटो, प्रबंधाचे मसुदे, दहा वर्षांचे हिशेब या एका अक्षराच्या चुकीपायी गेलेले आहेत. डिस्कचे नाव आणि आकार दोनदा ताडून पाहणे हा येथे सावधपणाचा अतिरेक नव्हे.

मग यूईएफआय आले. इंटेलने इटॅनियम यंत्रांसाठी आखलेल्या ईएफआयचे हे पुढचे रूप. २००५ पासून ते अनेक कंपन्यांच्या सामाईक संघटनेकडे आहे. त्याने ५१२ बाइटांचा कर्मकांड संपवला. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, त्यात ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाइल ठेवावी, की झाले. बूटेबल पेन ड्राइव्ह म्हणजे आता निव्वळ फाइलींची नक्कल. पण फॅट-३२मध्ये एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमधील मुख्य फाइल वाढत वाढत ती मर्यादा ओलांडून गेली. मग पुन्हा सोंग. रूफस या साधनाचे कर्ते पीट बटार्ड यांनी पेन ड्राइव्हवर मोठ्या विभागाशेजारी एक इवलासा फॅट विभाग ठेवला. यूईएफआय तो पाहून आत येते, आणि आतला प्रोग्रॅम तिला शेजारच्या एनटीएफएस विभागात नेऊन सोडतो.

आता पुन्हा त्या २०१६च्या लॅपटॉपकडे.

विंडोज ११ जाहीर झाले २४ जून २०२१ला आणि बाजारात आले ५ ऑक्टोबर २०२१ला. अटी मुख्यतः तीन : टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूटची सोय असलेले यूईएफआय, आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्या यादीत होते. म्हणजे २०१७ साली कोरा करकरीत घेतलेला सातव्या पिढीचा संगणक चार वर्षांतच बाहेर.

पहिल्या दोन अटी निरर्थक मुळीच नाहीत. टीपीएम डिस्कच्या कुलपाची किल्ली जपून ठेवते. सिक्युअर बूट सही तपासल्याखेरीज पहिल्या प्रोग्रॅमच्या हाती ताबा देत नाही. ‘ब्रेन’ने दाखवलेल्या दुखण्यावर हा खराच इलाज आहे, आणि तो टिंगलीवारी नेणाऱ्यांनी तो धडा विसरू नये. प्रोसेसरच्या यादीचे तसे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सातव्या पिढीतील मोजक्या प्रोसेसरांना त्या यादीत जागा दिली. त्यातला एक आय७-७८२०एचक्यू होता, काही निवडक यंत्रांपुरता. हाच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २मध्ये बसवलेला होता. कंपनीने त्याला ड्रायव्हरांच्या रचनेचे तांत्रिक कारण दिले. कारण खरेच असेल. पण यादी धातूत कोरलेली नसून कागदावर लिहिलेली आहे, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

आणि तपासणी करते कोण? इन्स्टॉलर. बसल्यानंतर चालणारी विंडोज नव्हे, तर तिला आत आणून बसवणारा दारावरचा कारकून. मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी त्या कारकुनासाठी एक चोरदार ठेवलेले होते. इन्स्टॉलरच्या रजिस्ट्रीत ‘लॅबकॉन्फिग’ नावाची नोंद केली आणि तीत टीपीएम व सिक्युअर बूट यांच्या तपासण्या वगळण्याच्या सूचना लिहिल्या, की तो त्या प्रश्नांपुरता मुका होतो. इन्स्टॉलर चालू असताना शिफ्ट आणि एफ-१० दाबून ही नोंद हाताने करता येत असे. रूफसने २०२१ पासून ती पेन ड्राइव्ह बनवतानाच करून ठेवण्याची सोय दिली. त्याहून मजेदार वाट म्हणजे इन्स्टॉलरला ‘सर्व्हर’ आवृत्ती बसवायची आहे असे सांगणे. सर्व्हरला त्या अटी लागू नसल्याने तो निमूट वाट सोडी, पडद्यावर विंडोज सर्व्हरचे नाव दाखवी, आणि बसवी मात्र साधी विंडोज ११. फौजदाराच्या वेषातला बहुरूपी याहून वेगळे काय करतो?

पण सोंग कोठवर चालते, याचे उत्तर २०२४ साली मिळाले. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून तिच्या गाभ्यातच ‘पॉपकाउंट’ ही प्रोसेसरची सूचना वापरली जाऊ लागली. एखाद्या संख्येत १ हे अंक किती आहेत ते एका झटक्यात मोजायचे, एवढेच तिचे काम. इंटेलच्या प्रोसेसरांत ती २००८च्या नेहालेम पिढीपासून आहे. त्याआधीच्या कोअर टू ड्युओमध्ये नाही. येथे कोणतीही यादी नाही, कारकून नाही, रजिस्ट्रीतील नोंद नाही. प्रोसेसरला अनोळखी आज्ञा मिळते आणि यंत्र जागच्या जागी थांबते. हे खरे ‘चालवू शकत नाही’. २०१६च्या लॅपटॉपमध्ये पॉपकाउंट आहे. त्याला मिळालेले उत्तर याच शब्दांतले असले, तरी ते दुसऱ्या जातीचे.

ॲपलच्या जगात हाच खेळ अधिक जुना आहे. मॅक ओएस एक्स २००१ साली आली, तेव्हा तिचा सपोर्ट जी-३ यंत्रांपासून पुढे होता. रायन रेम्पेल यांच्या ‘एक्सपोस्टफॅक्टो’ या साधनाने त्याआधीच्या पॉवर मॅकवरही ती बसू लागली. तिचा गाभा असलेल्या डार्विनची संहिता ॲपलने खुली ठेवली होती, त्याचा हा उपयोग. आजचा वारसदार ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’. पेन ड्राइव्हवर मॅकओएसचा इन्स्टॉलर उतरवण्याचे साधन ॲपलच देते. हा पॅचर त्याच पेन ड्राइव्हच्या ईएफआय विभागात आपला बूट प्रोग्रॅम आधी बसवतो, म्हणजे मॅकओएस जागी होते तेव्हा तिच्या आधी कोणीतरी आत आलेले असते. पुढचा भाग कठीण. २०२१च्या मॉन्टेरेतून ॲपलने एनव्हिडियाच्या केप्लर ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढून टाकले. पॅचर ते जुन्या आवृत्तीतून आणून परत बसवतो. मात्र बिग सरपासून सिस्टीमचा विभाग शिक्कामोर्तब केलेला असतो. तो उघडायचा तर ॲपलने घातलेली सुरक्षेची कडी सैल करावी लागते, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर डागडुजी नव्याने करावी लागते. नवी, अधिक सुरक्षित प्रणाली मिळवण्यासाठी तिच्या सुरक्षेचा एक भाग सोडून द्यायचा, हा व्यवहार प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने करायचा आहे. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात, त्याच्यासाठी तो आतबट्ट्याचाच म्हणावा लागेल.

याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. पेन ड्राइव्ह स्वतः बनवण्याचा कंटाळा करून, कोणी अनोळखी माणसाने ‘हलकी’ करून ठेवलेली, सर्व अटी आधीच काढलेली विंडोजची तयार फाइल उतरवून घेणारे पुष्कळ आहेत. त्या फाइलीत आणखी काय घातले आहे, हे तपासण्याचा मार्ग त्यांच्याकडे नसतो. पहिल्या ५१२ बाइटांचा तोच जुना प्रश्न, फक्त आता पाच-सहा जीबींचा. मूळ फाइल कंपनीकडूनच घ्यावी, तिची एसएचए-२५६ बेरीज प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी जुळवावी, आणि मगच तिच्यात हवे ते बदल आपल्या हाताने करावेत. बहुरूप्याला घरात घ्यायचेच, तर तो ओळखीचा असावा.

कोअर टू ड्युओचे मात्र अजून सगळे संपलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने आपलीही रेघ ओढली : ३२ बिट पीसींसाठीचा इन्स्टॉलर त्या आवृत्तीपासून बंद झाला. पण कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, आणि डेबियनला पॉपकाउंट लागत नाही. तिची फाइल आजही आयसोहायब्रिड पद्धतीचीच असते. ती पेन ड्राइव्हवर उतरवून तसा संगणक सुरू केला, की त्याचा जुना बायोस पहिले ५१२ बाइट उचलतो, शेवटी ५५ आणि एए आहेत एवढे पाहतो, आणि पुढे काहीही न विचारता ताबा देतो.